तपासणीपूर्वी गाडी वापरू नये

१ जानेवारी २०१२, रविवार

खताच्या कंपनीची डायरी. अंकुशरावांना दोन मिळाल्या, एक मला दिली. अंकुशराव आमच्या औरादच्या शेतकी ऑफिसात हेडक्लार्क. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, आणि नियमांच्या बाबतीत बरेच लहान.

पहिल्या पानावर नाव, पत्ता, रक्तगट. भरलं. ‘अपघात झाल्यास कोणास कळवावे’ इथे सवयीने बायकोचं नाव, शकुबाई, लिहायला लागलो. ‘श’ झाला, मग पेन उचललं. नंतर भरू.

संकल्प तीन. रोज लिहिणे. चहा दोनच वेळा. आणि शकुबाईच्या वर्षश्राद्धाला विजयश्रीला स्वतः जाऊन घेऊन येणे. शकुबाई गेली ९ जूनला, पण तिथीने वर्ष २८ मे रोजी येतं. हातात जवळजवळ पाच महिने आहेत. घाई नाही.

४ जानेवारी

तीन दिवस लिहिणं झालं नाही. थंडी.

जावयाचा, तानाजीचा, फोन. विजयश्री माझी एकुलती एक मुलगी, ठाणाकुशनूरला दिली आहे, इथून वीस-एक किलोमीटर. तेराव्यापासून ती माझ्याशी बोलत नाही. तानाजी बोलतो. म्हणाला, मामा, एकदा येऊन जावा. मी म्हणालो, येणारच आहे. आईच्या वर्षाला लेकीला फोनवर बोलवत नाहीत, माहेरचा माणूस मुराळी म्हणून आणायला जातो. दुसरं कोणी नाही, मीच येतो. कधी, म्हणाला. वाहनाची व्यवस्था होऊ दे, म्हणालो. तो म्हणाला, बस हाय की दर तासाला.

बसने मुराळी गेलेला बरा दिसत नाही. (जातात बरेच. पण मी ठरवलं आहे.)

८ जानेवारी

दिवसभर विचार केला. त्या दिवशी घरात स्वतःचं वाहन असतं तर पुढचं काही झालंच नसतं. सगळ्याचं मूळ तेच आहे. बाकी कोणाची चूक नाही.

पेपरमध्ये जाहिरात आहे. बॅटरीवर चालणारी स्कूटर. केंद्र सरकारची सबसिडी, चार हजारांपर्यंत, ३१ मार्चपर्यंतच. लायसन्स नको, नंबर नको, पेट्रोल नको. मला सायकलशिवाय काही येत नाही, म्हणून ही माझ्यासाठीच काढलेली योजना दिसते.

११ जानेवारी

शेजारच्या बसव्वाअक्कांना कसं कळलं माहीत नाही. कुंपणावरून म्हणाल्या, वर्ष उलटायच्या आत नवी गाडी घरात आणू नये, अण्णा. त्यांना समजावून सांगितलं की अडीचशे वॅटच्या आतल्या गाडीची आरटीओत नोंद होत नाही, म्हणजे कायद्याने ती गाडीच नाही. त्यामुळे सुतकाचा प्रश्न येत नाही.

“मग तिला चाकं कामून हायत?” म्हणाल्या.

शिक्षणाचा फरक पडतो.

२१ जानेवारी, शनिवार

बिदरला जाऊन गाडी घेतली. टेंपोने आणली. रंग आकाशी. शकुबाईच्या एका लुगड्याचा होता तसा, पण ते योगायोगाने.

दुकानातला सुनीलकुमार फार बोलतो. गाडी रोज चालवा म्हणाला. नाही चालवली तरी पंधरा दिवसांतून एकदा चार्जिंगला लावाच म्हणाला. दोनदा म्हणाला. मग सबसिडीबद्दल काही सांगायला लागला. मी हात वर करून थांबवलं. बावीस वर्षं मी शेतकऱ्यांच्या स्प्रिंकलर पाइपांच्या सबसिडीच्या फायली करतो आहे, मला सबसिडी शिकवू नकोस, म्हणालो. गप्प बसला. बिल दिलं. घडी घालून खिशात ठेवलं.

पुढची पद्धत मला पाठ आहे. अर्ज जातो. मग साहेब तपासणीला येतात, वस्तू नवी आहे का बघतात, तिच्यावर ऑइलपेंटने नंबर टाकतात, लाभार्थ्याला शेजारी उभा करून फोटो काढतात. त्याआधी वस्तू वापरलेली दिसली की फाईल परत. पाइपाला नुसती माती लागली म्हणून मी स्वतः किती फायली परत केल्या आहेत. माझी परत होणार नाही.

गाडी पुढच्या खोलीत उभी केली. सीटचं प्लॅस्टिक काढलं नाही.

२३ जानेवारी

फाईल तयार. अर्ज, रेशनकार्ड, निवासाचा दाखला, पगारपत्रक, बिलाच्या बारा झेरॉक्स, सहा पाठवायच्या, सहा घरच्या फाईलला. प्रत्येक झेरॉक्सवर ‘खरी प्रत’ शिक्का मारून खाली सही केली. फोटोग्राफरला घरी बोलावून गाडीसह फोटो काढला. तो म्हणाला, जरा हसा. सबसिडीच्या फोटोत हसत नाहीत.

रजिस्टर पोस्टाने बिदरला, जिल्ह्याच्या ऑफिसला. कोणतं ऑफिस ते नक्की कळलं नाही, म्हणून ‘संबंधित अधिकारी’ लिहिलं. पोहोचतं ते.

५ फेब्रुवारी

आज पंधरा दिवस झाले. चार्जिंगचा दिवस. चार्जरचं खोकं बघितलं, त्याला सील आहे. सील फोडलं तर चार्जर वापरलेला दिसणार. शिवाय लाइट सकाळी सहा ते दहा नव्हती. नंतर होती, पण तोपर्यंत निर्णय झाला होता.

संध्याकाळी दहा मिनिटं गाडीवर बसलो. प्लॅस्टिकवरच. बसणं हा वापर होत नाही. आरसा लावला तेव्हा त्यात मागचं दार दिसलं, आणि दारात शकुबाई जिथे बसून तूर निवडायची ती जागा. आरसा फिरवून ठेवला.

१८ फेब्रुवारी

तानाजीचा फोन. मी सबसिडीची प्रगती सांगितली. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, मामा, ती पण ऐकायलीय, फोन देऊ का? मी म्हणालो, नको, ऑफिसची वेळ झाली. शनिवार होता, पण अर्धा दिवस ऑफिस असतंच.

विजयश्री तेराव्याला जे बोलली ते इथे लिहून टाकतो, म्हणजे डोक्यात राहणार नाही. सगळे पाहुणे बसले होते. पंगत उठली नव्हती.

“अप्पा, तुम्ही मायला दवाखान्यात न्हेलं न्हाई. तुम्ही फाईल न्हेली.”

वस्तुस्थिती अशी. ७ जूनला सकाळी शकुबाईच्या छातीत दुखायला लागलं. इथल्या डॉक्टरांनी तपासून मोठ्या दवाखान्यात न्या म्हणून सांगितलं. विजयश्री फोनवर म्हणाली, आत्ता जीप करा आणि गुलबर्ग्याला निघा. पण सरकारी नोकराला बिलाचे पैसे परत मिळायचे तर आधी सरकारी डॉक्टरांची रेफरन्स चिठ्ठी लागते. ज्यांची सही लागते ते साहेब मीटिंगला गेले होते. मी दोन दिवस पायरीवर बसून चिठ्ठी आणली. ९ तारखेला दुपारी जीप निघाली. बिदर यायच्या आत संपलं. जीप मिळवायलाही तास गेला. म्हणजे वाहनाचाच प्रश्न.

चिठ्ठी खिशात होती. पूर्णपणे नियमात होती.

२७ फेब्रुवारी

अंकुशराव आज कोणी विचारलेलं नसताना म्हणाले, रामकिशनराव, जिवावरचं दुखणं असलं तर चिठ्ठी आधी लागत न्हाई, मागून चालती, तसं सर्क्युलर हाय. मी म्हणालो, असं काही सर्क्युलर नाही. ते म्हणाले, असल. मी म्हणालो, नाही.

बावीस वर्षांत आलेलं प्रत्येक सर्क्युलर माझ्या हातून गेलं आहे. दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. चहा चार वेळा झाला.

८ मार्च, दुपारी १२

तपासणी झाली.

अकरा वाजता एक गृहस्थ आले, खांद्याला बॅग, हातात वही. मी ओळखलंच. आत घेतलं, खुर्ची दिली, चहा, बिस्किटं. गाडी दाखवली, प्लॅस्टिक दाखवलं, चार्जरचं सील दाखवलं. ते बघत राहिले. फार चांगली ठेवलीय म्हणाले. नंबर टाकणार का, विचारलं. कसला, म्हणाले.

८ मार्च, दुपारी ३

ते लाइटचं मीटर बघायला आले होते.

बसव्वाअक्कांकडेही गेले असावेत, कारण त्यांच्या अंगणातून बराच वेळ हसण्याचा आवाज येत होता. तरी तिऱ्हाईत माणसाने गाडी नवी असल्याचं मान्य केलं, ही गोष्ट महत्त्वाची आहे. त्यांचं नाव विचारून साक्षीदार म्हणून फाईलला लावायला हवं होतं. राहिलं.

२३ मार्च, पाडवा

वर्षाच्या आतला पाडवा. गुढी नाही, गोड नाही. बसव्वाअक्कांनी नुसती भाकरी आणि कडू पाला दिला. पाला खाल्ला.

तानाजी म्हणाला, ती वाट बघायलीय. म्हणालो, तपासणी झाली की दुसऱ्या दिवशी निघतो. तो म्हणाला, मामा, एक इचारू? तपासणी न्हाईच झाली तर?

तरुण मुलांना सरकारवर विश्वास नाही.

३१ मार्च, शनिवार

योजनेचा शेवटचा दिवस. शेवटच्या दिवशी मार्च एंडचं काम उरकायला साहेब लोक नक्की फिरतात, हा अनुभव आहे. आमच्याच ऑफिसात आज सगळ्यांची धावपळ होती. मी मात्र बावीस वर्षांत पहिल्यांदा मार्च एंडला रजा टाकली. इस्त्रीचा शर्ट घालून दहा वाजल्यापासून दारात खुर्ची टाकून बसलो. कपबशा धुऊन तयार.

साडेपाच वाजता खुर्ची आत घेतली.

कोणी आलं नाही म्हणजे नाकारलं असं होत नाही. अर्ज मुदतीत गेलेला आहे. पेंडिंग आहे. पेंडिंग अर्ज जिवंत असतो.

१९ एप्रिल

उन्हाळा कडक. खोली तापते. गाडीवर ओलं गोणपाट टाकलं, मग गंजेल म्हणून काढलं.

अंकुशराव घरी आले होते. गाडीभोवती एक चक्कर मारली. प्लॅस्टिकवर बोटाने टिचकी मारून म्हणाले, हिला कशाला राखायलाव? लेकीला घेऊन या अगोदर, उद्याची रजा मी सही करून देतो. मी म्हणालो, तपासणी. ते म्हणाले, रामकिशनराव, कुणी येणार न्हाई आता. मग म्हणाले, भ्याव वाटतं का पोरीचं?

प्रश्न नियमाला धरून नव्हता.

१० मे

सरावाला लागलो आहे. गाडी हलवायची नाही, पण बसून ब्रेक दाबायची सवय. उजवा पुढचा, डावा मागचा. मनात ठाणाकुशनूरपर्यंत जाऊन आलो. विजयश्रीच्या दारात गाडी उभी केली. पुढे काय बोलायचं ते जमेना, म्हणून तिथून परत फिरलो.

नवीन संकल्प. २५ तारखेपर्यंत तपासणी आली नाही तर लाभार्थी स्वतःच्या जबाबदारीवर वस्तू वापरात घेत असल्याचं लेखी कळवून गाडी वापरणे.

२४ मे

तसं पत्र आज रजिस्टरने पाठवलं. ‘संबंधित अधिकारी’ यांना. पोस्टातल्या माणसाने पाकीट हातात घेऊन माझ्याकडे बघितलं, पण बोलला नाही. चांगला माणूस आहे.

२५ मे, शुक्रवार, सकाळी ७

चार्जरचं सील फोडलं. वाईट वाटलं. प्लग लावला आणि लगेच हिरवा लाइट. सुनीलकुमारने सांगितलं होतं, लाल म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे भरली. म्हणजे बॅटरी आधीच भरलेली आहे. चार महिन्यांत एक थेंब कमी झाली नाही. जपून ठेवण्याचा हाच फायदा. उगाच पंधरा-पंधरा दिवसांनी लाइट जाळायला सांगत होता.

२५ मे, सकाळी ९

किल्ली फिरवली. काही होत नाही. उलटी फिरवली. परत फिरवली. सगळे काटे शून्यावर.

२५ मे, संध्याकाळी

सुनीलकुमारला फोन केला. किती चालली म्हणाला. अजून चालवलेली नाही, म्हणालो. चार्जिंग किती वेळा? आज पहिल्यांदा.

“मेली ती, अण्णा. बॅटरी बसून मरती. चालवली असती तर जगली असती.”

मेलेली बॅटरी करंट ओढतच नाही म्हणून हिरवा लाइट लागला, गॅरंटीत बसत नाही, नवीन घ्यावी लागेल म्हणाला. मी म्हणालो, ठीक आहे, सबसिडी आली की त्यातून घेऊ. कसली सबसिडी, म्हणाला. मी योजना सांगितली, अर्ज सांगितला, तपासणी सांगितली. मध्येच म्हणाला, ती तर तुम्हाला त्याच दिवशी दिलीय की, बिलातच कापलीय, तिसरी ओळ बघा. कुणी तपासायला येत न्हाई ओ. हेच सांगायलो होतो त्या दिवशी, तुम्ही हात वर केला.

फाईल काढली. तिसरी ओळ आहे. सहाही झेरॉक्सवर आहे. सहाही ठिकाणी तिच्या खाली ‘खरी प्रत’ आणि माझी सही.

२६ मे, शनिवार

अर्ध्या दिवसाचं ऑफिस. सगळे गेल्यावर जुन्या सर्क्युलरची गठडी सोडली. अंकुशराव चुकीचे आहेत हे एकदा कागदावर बघावं म्हणून.

२००६ च्या गठडीत सापडलं. तातडीच्या प्रसंगी रुग्णास आधी जवळच्या दवाखान्यात न्यावे, चिठ्ठी नंतर सादर केली तरी चालेल. खाली समासात ‘पाहिले’, तारीख, आणि सही.

सही माझी आहे. माझ्या सहीत ‘र’ची शेपूट लांब जाते. ती तशीच आहे.

गठडी परत बांधली. गाठ नीट बसली नाही.

२७ मे, रविवार

सकाळी साडेसातच्या बसने ठाणाकुशनूर. जागा मिळाली. खिडकीची.

तानाजी दारातच होता. आत चला म्हणाला आणि स्वतः बाहेर गेला. विजयश्री चुलीपुढे होती. खाटेवर पिशवी भरून ठेवलेली. वर घडी केलेली शाल, आणि तिच्यावर थोडी धूळ. नंतर तानाजीने सांगितलं, पाडव्यापासून भरून ठेवलीय.

तिने पाणी दिलं. मी रस्त्यात जुळवलेलं सगळं विसरलो.

कशानं आलाव, म्हणाली. बसने. किती वेळ लागला? चाळीस मिनिटं, म्हणालो.

ती खाटेपाशी गेली. पिशवी उचलली. धूळ फडक्याने पुसली आणि फडकं तिथेच खाली टाकलं. तसं ती कधी टाकत नाही.

२८ मे, सोमवार

वर्ष झालं. अंकुशराव, बसव्वाअक्का, भावकीतले आठ-दहा. सगळं नीट पार पडलं. स्वयंपाक विजयश्रीने केला. आईसारखी खिरीत सुंठ जास्त घालते.

पाहुणे गेल्यावर ती पुढच्या खोलीत आली, स्कूटरपाशी थांबली. आकाशी रंगावरून हात फिरवला, प्लॅस्टिकवरून. ही कशाला घेतली, विचारलं. मी म्हणालो, त्या दिवशी वाहन नव्हतं म्हणून. ती माझ्याकडे बघत राहिली. लहानपणी गणित चुकलं की मी तिच्याकडे असा बघत असे.

मग मी सांगितलं. न विचारता. गठडी, २००६, समास.

“म्हंजी चिठ्ठी लागतच नव्हती?”

लागत नव्हती.

“आणि तुम्हाला ठावं होतं.”

मी म्हणालो, वाचलं होतं की नाही ते आठवत नाही, पण सही माझी आहे.

वाटलं होतं ती ओरडेल. निदान उठून जाईल. ती दाराला टेकून खाली बसली, शकुबाईच्या जागेवरच, आणि किती वेळ पदराने स्कूटरचं मागचं चाक पुसत राहिली. चाकाला काहीच लागलेलं नव्हतं. शेवटी म्हणाली, तुम्ही सकाळपासून जेवला न्हाई, अप्पा. वाढते.

जेवलो. ती समोर बसली होती.

२९ मे

विजयश्रीने जाताना गाडीचं प्लॅस्टिक काढलं आणि चुलीत घातलं. वास फार आला. बसव्वाअक्का बघायला आल्या. विजयश्रीने त्यांना विचारलं, गाडी पाहिजे का? त्या म्हणाल्या, चालत न्हाई तर काय करू, कोंबड्या बसवू? विजयश्री हसली. वर्षाने ऐकलं.

बॅटरी नवीन घ्यायची नाही असं ठरलं. ठरवलं तिने.

नागपंचमीला परत मुराळी म्हणून येऊ का, विचारलं. बघू म्हणाली. नाही म्हणाली नाही, पण बघूच म्हणाली.

स्टँडवर जाऊन तिला बसमध्ये बसवून दिलं. पिशवी वर दिली. कंडक्टरला विचारून घेतलं. ठाणाकुशनूरची बस दर तासाला आहे.

आधीही होती.